पिकासोची थाळी खरी, पण ती रंगवली कोणी?

पाब्लो पिकासोच्या चित्राची किंमत कोटींमध्ये असते. पण त्याच्याच नावाची मातीची छोटी थाळी लिलावात काही लाखांतही मिळते. इतका फरक का?

१९४६ मध्ये पिकासो दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिस या कुंभारांच्या गावी गेला. तिथे सुझान आणि जॉर्ज रामिए या दांपत्याचा 'मादुरा' नावाचा कारखाना होता. पुढच्या वर्षापासून तो तिथे नियमित काम करू लागला. स्वतः घडवलेल्या वस्तूंशिवाय, त्याच्या परवानगीने १९४७ ते १९७१ या काळात ६३३ नमुन्यांच्या मर्यादित प्रती निघाल्या. एका नमुन्याच्या साधारण २५ ते ५०० प्रती असत.

प्रती कशा बनत?

पेणच्या गणपतीच्या कारखान्याची आठवण होईल. मूळ मूर्ती एकाची, साच्यातून काढणारे आणि रंगवणारे हात इतरांचे. मादुरातही दोन पद्धती होत्या.

१. पिकासोने बनवलेली मूळ वस्तू समोर ठेवून कारागीर तिचा आकार आणि नक्षी हुबेहूब उतरवत.

२. पिकासो प्लास्टरच्या साच्यावर चित्र कोरायचा आणि त्यावर ओली माती दाबून ठसा घेतला जायचा.

म्हणजे या प्रती अस्सल आहेत, पण प्रत्येकीवर पिकासोचा हात फिरलेला नाही. स्वस्ताईचं मुख्य कारण हेच. त्याने स्वतः घडवलेली एकमेव वस्तू कितीतरी महाग असते.

घेण्याआधी काय तपासाल?

• वस्तू उलटी करा. मागे किंवा तळाशी 'मादुरा' आणि 'एदिसिओं पिकासो' (पिकासो आवृत्ती) अशा खुणा असतात. ही पिकासोची सही नव्हे. 'सही केलेली थाळी' म्हणून कोणी जास्त पैसे मागितले, तर सावध व्हा.

• काही वस्तूंवर ४५/१०० असा आकडा असतो, म्हणजे शंभरातली पंचेचाळिसावी प्रत.

• आलँ रामिए यांच्या १९८८ च्या सूचीत प्रत्येक नमुन्याला क्रमांक आहे. माप, रंग आणि प्रतींची संख्या तिच्याशी जुळवून पाहा.

• ठसा नकलीही असू शकतो. म्हणून आधीच्या खरेदीची पावती किंवा लिलावाची नोंद मागा.

• तडा किंवा जोड असेल तर किंमत उतरते. अतिनील दिव्याखाली दुरुस्ती बरेचदा उघडी पडते.

थोडक्यात, विकणाऱ्याला 'हे पिकासोचं आहे का?' एवढंच विचारू नका. 'हातचं आहे की आवृत्तीतलं?' हेही विचारा. किंमत त्या उत्तरावर ठरते.