वारणा खोऱ्यातील संगणकांचे जाळे

कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील वारणानगर येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्याबरोबर परिसरातील गावांत माहितीच्या देवाणघेवाणीची एक व्यवस्थाही आकाराला आली. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितका त्याचा साखर उतारा घटतो; म्हणून कोणाच्या शेतात कोणत्या जातीचा ऊस आहे, त्याची लागण कोणत्या तारखेची, तो आडसाली (सुमारे दीड वर्षाचा) की खोडवा (आधीच्या तोडीच्या बुडख्यांतून फुटलेला), हे कारखान्याला गाळप हंगामापूर्वीच ठाऊक असावे लागते आणि त्यावरून तोडणीची पाळी ठरते. सहकारी कारखानदारीत ही माहिती एकाच वहीत कधीच नसे. शेतकी खात्याकडे लागणीची नोंद, तोडणी टोळीकडे तोडचिठ्ठी, वजनकाट्यावर खेपेचे वजन आणि शेतकऱ्याच्या घरी त्याची पावती अशी ती विखुरलेली असे. त्यामुळे एक कागद हरवला तरी उरलेल्यांवरून हिशेब बराचसा पुन्हा मांडता येई. काही घटक निकामी झाले किंवा चुकीचे वागले तरी संपूर्ण व्यवस्थेचे काम बिनचूक चालू राहण्याच्या या गुणालाच संगणकशास्त्रात दोषसहिष्णुता म्हणतात.

दळणवळणाच्या जाळ्यांबाबत या गुणाच्या विचाराला मोठी चालना मिळाली ती अण्वस्त्रांच्या धास्तीतून. अमेरिकेतील रँड या संस्थेत काम करणाऱ्या पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये असे दाखवले की सर्व तारा एका केंद्राला जोडलेले जाळे केंद्रावरील एका आघाताने संपते, तर प्रत्येक स्थानक अनेक शेजाऱ्यांना जोडलेले असलेले वितरित जाळे बरीच स्थानके नष्ट होऊनही निरोप पोहोचवत राहते. १९८२ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टॅक आणि मार्शल पीझ यांनी त्याहून अवघड प्रश्न हाती घेतला: एखादा घटक बंद न पडता खोटेच सांगू लागला तर काय करावे? सहीविना निरोपांवर एकमत घडवायचे असेल तर प्रामाणिक घटक दोन-तृतीयांशांहून अधिक असावे लागतात. मात्र निरोपावर बनावट करता न येणारी सही असेल तर ही अट उरत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. वजनकाट्यावरील सहीशिक्क्याच्या पावतीचे मोल या सिद्धांतामुळे नीट ध्यानात येते, कारण वजनाबद्दल वाद झाला तर निवाडा तोंडी शब्दावर नव्हे, त्या पावतीवर होतो.

१९९८ मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकाराने ‘वारणा वायर्ड व्हिलेजेस’ हा प्रकल्प सुरू झाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, महाराष्ट्र शासन आणि वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रे उभारण्याचे ठरवले. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि उरलेला वारणा समूहाचा होता. बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी योजना आणि शिक्षण हे सारे गावात बसून मराठीतून मिळावे, अशी मोठी अपेक्षा त्यामागे होती, आणि त्या काळात बहुतेक खेड्यांत संगणक कोणी पाहिलाही नव्हता हे लक्षात घेता ते धाडस खरोखर मोठे होते. प्रत्यक्षात ही केंद्रे मुख्यत्वे ऊसनोंद, तोडणीची परवानगी, वजन आणि खताची मागणी यांसाठीच वापरात राहिली, म्हणजे कागदी व्यवस्था जे काम करत होती तेच काम यंत्राकडे आले.

या जाळ्याची रचना मात्र बॅरन यांनी धोक्याची ठरवलेली होती: गावोगावची केंद्रे एकमेकांना नव्हे, तर कारखान्यातील मध्यवर्ती संगणकाला जोडलेली होती. त्याहून गंभीर अडचण दिसायला साधी होती. यंत्रांची संख्या वाढवल्याने विश्वासार्हता वाढते, हे गणित प्रत्येक यंत्राचा बिघाड स्वतंत्र असेल तरच खरे ठरते. ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन तासन् तास चाले, तेव्हा एकाच वीजवाहिनीवरील सर्व केंद्रे एकाच वेळी बंद पडत, म्हणून कागदावर अनेक दिसणारी स्थानके या दृष्टीने एकच होती. वहीला वीज लागत नसे, ही तिची ताकद यंत्र आणताना हिशेबात धरली गेली नाही.

या अनुभवानंतर २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी वारणेत ‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग केला. सात गावांत आठ महिने त्यांनी संगणकाऐवजी मोबाइल फोन वापरून पाहिले: लघुसंदेशाने प्रश्न पाठवायचा आणि कारखान्याच्या माहितीसाठ्यातून उत्तर लघुसंदेशानेच यायचे. संगणकावर होणारी सर्व कामे त्यावर झाली, खर्च घटला आणि शेतकऱ्यांनाही ही पद्धत अधिक आवडली. येथे दोषसहिष्णुता दोन गोष्टींतून आली. फोनची बॅटरी गावातील वीज गेल्यावरही चाले, आणि संदेश घेणाऱ्याचा फोन बंद असला तरी मोबाइल कंपनीचे केंद्र संदेश काही काळ साठवून ठेवी व फोन सुरू होताच पोहोचवी. मध्यवर्ती साठा मात्र एकच राहिला, आणि सुरक्षेच्या बाबतीत तर एक पाऊल मागेच पडले. साध्या लघुसंदेशाचे सांकेतिकीकरण, म्हणजे तिऱ्हाइताला वाचता येऊ नये असे रूपांतर, फार तर फोन आणि मनोरा यांच्यातील हवेतल्या टप्प्यापुरते असते. शिवाय त्यावर पाठवणाऱ्याची सही नसते आणि दिसणारा क्रमांक बनावट असू शकतो. उसाचे वजन व तोडणीची पाळी म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने पैसाच असल्याने छापील पावतीची जागा असा संदेश पूर्णपणे घेऊ शकत नाही.

स्वतंत्र बिघाडाचे गृहीतक या जिल्ह्यात किती तकलादू आहे, हे ऑगस्ट २०१९ च्या महापुराने दाखवून दिले. पंचगंगा, वारणा आणि कृष्णा एकाच वेळी फुगल्या, अनेक भागांत वीजपुरवठा खंडित झाला आणि पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिल्यामुळे इंधनाचे टँकरही अडकून पडले. मोबाइल मनोऱ्यांचा मुख्य आधार वीज, तिला पर्याय डिझेल जनित्र आणि डिझेलला रस्ता, असे हे आधार एकामागोमाग लावलेले असतात. पण पूर त्या तिन्हींवर एकाच कारणाने घाला घालतो. म्हणून कोल्हापूरच्या कारखान्यांच्या आणि बँकांच्या नोंदींची दुसरी प्रत कुठे ठेवावी हा केवळ यंत्रांच्या संख्येचा प्रश्न नाही. ती प्रत कृष्णेच्या खोऱ्याबाहेर, वेगळ्या वीजवाहिनीवर आणि वेगळ्या वाटेने पोहोचणाऱ्या ठिकाणी असली, तरच तिला दुसरी प्रत म्हणता येते.