फ्लेक्सवरच्या वाघाची कुळकथा

वारंगा फाट्यावर नांदेड, हिंगोली आणि यवतमाळकडचे रस्ते भेटतात. लोक खिचडी खायला थांबतात, म्हणून निवडणुकीचे फ्लेक्सही इथे दाटीने लागतात. त्यातला जबडा वासलेला वाघ रानातला नाही, व्यंगचित्रकाराच्या कुंचल्यातला आहे. त्याची भावकी लंडनपर्यंत जाते.

तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीस तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली, हाताने रंगवलेली राजकीय चित्रं दुकानाच्या काचेत लावत. हॅना हम्फ्रीबाईंच्या दुकानापुढे जेम्स गिलरेची चित्रं पाहायला झुंबड उडे. पुढाऱ्याचं जनावर करून टाकणं हा या मंडळींचा हातखंडा. मंत्री चार्ल्स फॉक्स ईस्ट इंडिया कंपनीला लगाम घालायला निघाला, तेव्हा १७८३ मध्ये जेम्स सेयर्सने त्याला हत्तीवर बसवून कंपनीच्या कचेरीकडे वाजतगाजत काढलं. पुढे तुतारी फुंकत त्याचा साथीदार एडमंड बर्क, आणि हत्तीला तोंड युतीतल्या भागीदाराचं, लॉर्ड नॉर्थचं! कालचा वैरी, आजचं वाहन. युतीवर इतकं नेमकं चित्र मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

वाघ मात्र इंग्रजांनी हिंदुस्थानी लोकांसाठी राखून ठेवला. म्हैसूरच्या टिपू सुलतानाचं चिन्ह वाघ. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर काढलेल्या पदकावर ब्रिटिश सिंह त्या वाघाला लोळवतो. पुढे सत्तावन्नच्या उठावात, २२ ऑगस्ट १८५७ च्या ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात जॉन टेनिएलने तोच सिंह बंगालच्या वाघावर झेपावताना काढला. वाघाच्या पंजाखाली गोरी बाई आणि मूल. म्हणजे वाघ हा बंडखोर, क्रूर, मारण्याजोगा.

मुंबईत ‘पंच’ची नक्कल १८५४ मध्येच ‘पारसी पंच’ नावाने सुरू झाली होती. शंभरेक वर्षांनी याच शहरात, फ्री प्रेस जर्नलमध्ये, ब्रिटनमधला व्यंगचित्रकार डेव्हिड लो याला गुरुस्थानी मानणारा एक तरुण चित्रं काढू लागला: बाळ ठाकरे. लोनेही ब्रिटिश कामगार संघटनांना गाडीचा घोडा करून ठेवलं होतं. ठाकऱ्यांनी १३ ऑगस्ट १९६० ला ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र-साप्ताहिक काढलं, १९ जून १९६६ ला शिवसेना, आणि तिला डरकाळी फोडणारा वाघ दिला. वाघोबाला शेंदूर लावणाऱ्या मुलखात तो परका वाटणं शक्यच नव्हतं. गिलरेच्या धंद्यात जनावर समोरच्याला चिकटवायचं असतं. इथे व्यंगचित्रकाराने ते स्वतःच्या माणसांना अभिमानाने दिलं.

२०२२ मध्ये पक्ष फुटला. पुढे धनुष्यबाण हे निवडणूक चिन्ह एका गटाकडे गेलं, मशाल दुसऱ्याकडे. वाघ मात्र दोघांनाही हवा आहे, आणि आजचे व्यंगचित्रकार त्याला कधी दात पाडून, कधी पट्टा बांधून काढतात. त्यांचं चाललंय ते गिलरेच्याच रीतीने.