वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली जाते. तथापि भावा-बहिणींतील वाटणी, पती-पत्नींमधील बेबनाव, भागीदाराने दडवलेला हिशेब किंवा न वटलेला धनादेश अशा प्रसंगी ती पायरी टाळता येत नाही. मग कुणाच्या तरी ओळखीने घाईघाईत वकील गाठला जातो, न वाचलेल्या कागदांवर सह्या होतात आणि फी किती, हे विचारण्याचा संकोच वाटतो. वादाची पुढची दिशा मात्र बहुतेक वेळा याच पहिल्या काही दिवसांत ठरत असते.

सनद आणि अनुभव

अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार राज्य परिषदेच्या पटावर नाव असलेल्यालाच वकिली करता येते. महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी एकच बार कौन्सिल असून, तिच्याकडून मिळणाऱ्या सनदेचा क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. वकिलांना जाहिरात करण्यास नियमाने मनाई आहे. त्यामुळे फलकाच्या आकारावरून कौशल्य जोखता येत नाही. ज्या न्यायालयात प्रकरण चालणार, तेथे तो वकील नियमित उभा राहतो का, तशा स्वरूपाची कामे त्याने चालवली आहेत का आणि प्रत्यक्ष तारखेला तो स्वतः येणार की कनिष्ठ सहकारी, हे तीन प्रश्न अधिक उपयोगाचे ठरतात.

घरातला वाद

कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ चा; महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे ही न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तेथे वकील देणे हा पक्षकाराचा मूलभूत हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. समुपदेशन व तडजोडीच्या बैठकांत पक्षकाराला स्वतःच बोलावे लागते. म्हणून वाद चिघळवणाऱ्यापेक्षा पोटगी, मुलांचा ताबा आणि राहते घर यांविषयी स्पष्ट कल्पना देणारा वकील अधिक उपयोगी पडतो.

हिंदू विवाह कायद्याखाली परस्परसंमतीने घटस्फोट घेताना दोघांचा मिळून एकच वकील नेमण्याची पद्धत आढळते. अटी आधीच ठरल्या असतील तर त्यात खर्च वाचतो; पण पोटगीच्या रकमेवर मतभेद असतील तर प्रत्येकाने स्वतंत्र सल्ला घेतलेला बरा. हीच सावधगिरी वडिलोपार्जित मिळकतीच्या बाबतीत अधिक आवश्यक आहे. भावाच्या वकिलाने तयार केलेल्या हक्कसोडपत्रावर बहिणीने केवळ विश्वासाने सही केली आणि दस्त नोंदला गेला, तर तो रद्द करून घेणे अतिशय कठीण होते. सहीपूर्वी स्वतःच्या वकिलाकडून मसुदा वाचून घेण्याचा खर्च त्या मानाने क्षुल्लक असतो.

धंद्यातला वाद

लहान व्यावसायिकाचे नुकसान पुष्कळदा बाजू लंगडी असल्याने नव्हे, तर मुदत हुकल्याने होते. धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात तक्रार दाखल करावयाची असते. धनादेशाची वैधता तीन महिन्यांचीच असते. ती संपल्यावर हुकलेली नोटीस भरून काढता येत नाही. साध्या पैशाच्या वसुलीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. भागीदारी संस्थेची नोंदणी नसेल, तर करारातील हक्कासाठी तिला सहसा दावाच लावता येत नाही.

तीन लाख रुपये वा त्याहून अधिक रकमेच्या व्यापारी वादात तातडीचा आदेश हवा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थी बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांना मालाचे वा सेवेचे पैसे ४५ दिवसांत न मिळाल्यास २००६ च्या कायद्याखालील सुलभता परिषदेकडे दाद मागता येते. हे मार्ग न सांगता थेट दाव्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या वकिलाचे मत घ्यावे.

फी आणि कागदपत्रे

फी टप्प्याटप्प्याने की एकरकमी, कोर्ट फी, टंकलेखन व प्रवासखर्च त्यात धरला आहे की नाही, हे लेखी ठरवावे व प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. ‘जिंकल्यावर इतके टक्के’ असा करार करण्यास वकिलांच्या व्यावसायिक नियमांत मनाई आहे. निकालाची हमी देणाऱ्यापासून दूरच राहावे. मूळ कागद स्वतःकडे ठेवून शक्यतो प्रती द्याव्यात. प्रकरणाचा १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक मागून घेतल्यास पुढची तारीख ई-कोर्ट्स सेवेवर स्वतःला पाहता येते. उलट, वकिलापासून काही लपवू नये. अशिलाने विश्वासाने सांगितलेली माहिती गोपनीय ठेवण्यास वकील कायद्याने बांधील असतो.

पटले नाही तर

वकील बदलता येतो. त्यासाठी आधीच्या वकिलाची संमती घेतली जाते. ती न मिळाल्यास न्यायालयाकडे परवानगी मागता येते. फी थकली म्हणून वकिलाला कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला आहे. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करावी. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र २०२४ च्या निकालाने बंद झाला आहे.

पैशांअभावी वकील नेमता येत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. पोटगीसाठी झगडणाऱ्या कित्येक स्त्रिया हा हक्क ठाऊक नसल्याने दागिने गहाण ठेवतात. तसे करण्याआधी प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करावी.