टाळू शिवली, पण कानाचं काय?

‘टाळू’ म्हटलं की आमच्याकडे आई पटकन बाळाच्या डोक्यावर हात ठेवते. तेल भरायची ती टाळू. मला सांगायची असते ती तोंडातली, जिभेच्या वरचं छत. दोंडाईच्याच्या माझ्या दवाखान्यात हा घोटाळा इतक्यांदा झालाय की आता मी आधी ‘आ’ करायला लावतो, टॉर्चने दाखवतो आणि मगच बोलतो.

काही वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातून एक आजोबा सात वर्षांच्या नातवाला घेऊन आले. जन्मतः टाळू दुभंगलेली, ऑपरेशन दीड वर्षाचा असताना झालेलं, टाके सुरेख जुळलेले. “पोर्‍या बोलस, पन लोकेसले समजत नही,” आजोबा म्हणाले. शाळेतून तक्रार होती की मुलाचं लक्ष नसतं. हा मुलगा आधीही ताप-खोकल्यासाठी माझ्याकडे चार-पाच वेळा येऊन गेला होता. दरवेळी मी त्याची टाळू कौतुकाने पाहिली आणि कानात एकदाही डोकावलो नाही. त्या दिवशी सहज त्याच्या मागे उभं राहून हळू आवाजात नाव घेतलं. तो वळला नाही.

ही चूक माझी होतीच. पण नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की वैद्यकशास्त्रही याच वाटेने गेलं आहे: आधी जे दिसतं ते, मग जे तोंड उघडल्यावर दिसतं ते, आणि कान सगळ्यात शेवटी.

ओठ दिसतो, म्हणून ओठाची नोंद सर्वांत जुनी. चौथ्या शतकात चीनमध्ये एका तरुणाचा दुभंगलेला ओठ शिवल्याचं लिहिलेलं आहे. शंभर दिवस पेज प्यायची, बोलायचं नाही, हसायचं नाही, असं पथ्य होतं म्हणे. आपल्याकडे ओठ दिसतो म्हणूनच आईला बोलणीही खावी लागतात, ग्रहणात भाजी चिरलीस का म्हणून. (ग्रहणाचा आणि याचा काहीही संबंध नाही. गर्भाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चेहऱ्याचे भाग जुळायचे राहतात, एवढंच.)

महाराष्ट्रात ओठाच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की डॉ. शरदकुमार दीक्षित आठवतात. जन्म १९३० चा, पंढरपूरचा. अमेरिकेत स्थायिक झालेला हा सर्जन वर्षानुवर्षं भारतात येऊन प्लास्टिक सर्जरीची मोफत शिबिरं घेत राहिला. अपघाताने शरीर अधू झालेलं, स्वरयंत्राच्या कॅन्सरने स्वतःचा आवाज गेलेला, बोलायचं ते यंत्राच्या मदतीने. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. त्यांच्या शिबिरांत मुख्यतः दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, तिरळे डोळे, चेहऱ्यावरचे व्रण असं काम होई. टाळूचं काम वेगळं असतं. भूल खोल लागते, रक्तस्रावाची भीती असते, नंतर काही दिवस बाळावर लक्ष ठेवावं लागतं.

टाळूच्या इतिहासातला माझा आवडता माणूस सर्जन नाही, रुग्ण आहे. जॉन स्टीफन्सन हा कॅनडाचा वैद्यकीय विद्यार्थी. मऊ टाळू जन्मतः दुभंगलेली. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, आम्ब्रोज पारे या फ्रेंच सर्जनने टाळूचं भोक झाकायला धातूची चकती वापरली होती, आणि पुढे बराच काळ तेवढाच आधार होता. १८१९ मध्ये पॅरिसला फिलिबेर रू यांनी स्टीफन्सनची टाळू शिवली, तीही भूल नसताना, कारण भुलीचा शोधच अजून लागायचा होता. त्याचं बोलणं सुधारलं. पुढच्याच वर्षी त्याने एडिंबरोला आपल्याच टाळूच्या शस्त्रक्रियेवर प्रबंध सादर केला, आणि नंतर मॉन्ट्रियलमध्ये वैद्यकीय शाळा काढणाऱ्यांत तो एक होता. ज्याचं बोलणं लोकांना नीट कळत नसे, तो प्राध्यापक झाला.

या कामात आपल्या नागपूरचाही वाटा आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला, देशातला पहिला. नुसता ओठ, नुसती टाळू, की दोन्ही, अशी त्यांची सोपी वर्गवारी ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून ओळखली जाते.

आता कान.

कन्नडचा घाट चढताना कानात दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात. मधल्या कानापासून घशाच्या मागे येणारी एक बारीक नळी गिळताना उघडते, हवा आत जाते. ही नळी उघडणारा स्नायू टाळूचाच. टाळू दुभंगलेली असेल तर त्या स्नायूला ओढायला धड आधार मिळत नाही. नळी मिटलेली राहते आणि पडद्यामागे आधी पातळ, मग डिंकासारखा चिकट द्रव साचतो. कान दुखत नाही, वाहत नाही. फक्त ऐकणं मंद होतं, आणि तेही आज कमी, उद्या जास्त. म्हणून घरचे म्हणतात, “ऐकतो हो, मनात असलं की ऐकतो.”

टाळू आणि ऐकणं यांचा संबंध आल्ट नावाच्या डॉक्टरांनी १८७८ मध्येच नोंदवला होता. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्टूल आणि रँडल यांनी अशा तान्ह्या बाळांचे कान मुद्दाम तपासले, तर बहुतेक कानांत तो डिंक सापडला. त्यांच्या लेखाच्या नावातच ‘अनपेक्षित’ हा शब्द आहे. दोन वर्षांनी पिट्सबर्गच्या पॅराडाइज आणि सहकाऱ्यांनी ५० बाळं तपासून सांगितलं की अशा बाळांत हा आजार जवळजवळ प्रत्येकाला असतो.

बाळ तर वर्षभर बोलत नाही, मग त्या वयात थोडं कमी ऐकलं तर काय बिघडलं? याचं उत्तर ज्या प्रयोगाने मिळालं, त्यात आपलीच अक्षरं होती. १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. मोठ्या इंग्रजी माणसाला हा फरक कानाला कळत नाही. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना मात्र तो कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला. हिंदी घरांतल्या बाळांनी तो वर्षाअखेरही राखला होता. म्हणजे पहिल्या वर्षात बाळ गप्प असलं तरी कोणता फरक धरायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवत असतं. नेमक्या त्याच वर्षी टाळू दुभंगलेल्या बाळाच्या कानांत डिंक भरलेला असतो.

पुढे हाँगकाँगच्या २००३ च्या अभ्यासात दिसलं की टाळू दुभंगलेल्या ज्या मुलांची जीभ ‘त’च्या जागी मागे सरकून ‘क’ काढते, त्यांना ऐकतानाही त्या दोन ध्वनींतला फरक ओळखायला जड जातं. फिनलंडच्या संशोधकांनी २००० च्या सुमारास मेंदूच्या विद्युतलहरी मोजल्या. काही मुलांत, विशेषतः नुसती टाळू दुभंगलेल्यांत, ऐकलेल्या आवाजाचा मेंदूतला ठसा लवकर पुसट होतो असं त्यांना आढळलं. सगळ्यांत नाही, आणि याचा अर्थ बुद्धी कमी असाही नाही. पण ‘तोंड दुरुस्त केलं की बोलणं आपोआप येईल’ हे मीही वर्षानुवर्षं सांगत आलो, ते अर्धंच खरं.

टाळू शिवल्यावर नळी लगेच काम करू लागत नाही, बऱ्याच मुलांत त्याला वर्षं लागतात. तोवर दर काही महिन्यांनी कान दाखवा. नुसती टॉर्च नको, पडद्याची हालचाल मोजणारी तपासणी आणि वयानुसार ऐकण्याची तपासणी करून घ्या. गरज पडली तर पडद्यात बारीक नळी बसवतात. बोलण्याच्या थेरपीसाठीही मूल शाळेत जाईपर्यंत थांबू नका. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू आणि श्रवणदोष दोन्ही आहेत. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात दोन्ही नावं घेऊन विचारा, कारण एकच सांगितलं तर एकाचाच कागद मिळतो.

त्या नातवाच्या दोन्ही कानांत डिंक होता. नळ्या बसवल्या, थेरपी सुरू झाली. आजोबांना मी एक खेळ शिकवला. तोंडापुढे उपरणं धरायचं, म्हणजे ओठ दिसत नाहीत, आणि कधी ‘टाक’ म्हणायचं, कधी ‘ताक’. ‘टाक’ म्हटलं की पोराने हातातला खडा टाकायचा, ‘ताक’ म्हटलं की पेला उचलायचा. सुरुवातीला खडे आणि पेले यांचा नुसता गोंधळ होता. सहा-सात महिन्यांनी आजोबा सांगत आले की आता पोरगाच उपरणं घेऊन बसतो, आणि चुकतात ते आजोबा.