आचारी, आचार्य आणि कळफलक

आचाऱ्यांना दक्षिणा आणि आचार्यांना मजुरी दिली, तर लग्नाच्या मांडवात गोंधळ उडेल. कागदावर या दोन माणसांना वेगळे ठेवणारी गोष्ट एवढीशी आहे. पहिल्या शब्दातला अर्धा र आडवा, आखूड होऊन य ला चिकटतो, तर दुसऱ्यातला रफार होऊन त्याच य च्या डोक्यावर चढतो. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्राचा दर्या यांच्यातही हाच फरक आहे. हिंदीला तो लागत नाही, मराठीला लागतो. म्हणून मराठीसाठी कळफलक करू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे, मग तो शिसे ओतणारा असो, टंकयंत्र जुळवणारा असो की मोबाइलचे ॲप लिहिणारा, एकच प्रश्न उभा राहतो: कळ दाबली की नेमके काय उमटले पाहिजे, अक्षराचा आकार की अक्षराचा उच्चार? गेल्या दीडशे वर्षांचा हिशेब मांडला तर उत्तर बरेच स्पष्ट दिसते. कळफलकाने आकार मोजायला घेतले तेव्हा लिपीला कात्री लागली. उच्चार मोजायला घेतले तेव्हा लिपी अखंड राहिली आणि मेहनत यंत्राकडे गेली. आज हातातल्या फोनवर कधी काचेवर, कधी जोडलेल्या खऱ्याखुऱ्या कळफलकावर मराठी लिहिली जाते, तेव्हाही गाडी अडते ती हा धडा जिथे विसरला जातो तिथेच.

सुरुवात छापखान्यापासून करायला हवी, कारण 'मराठीला फार अक्षरे लागतात' ही तक्रार तिथे जन्मली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी आणि पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर सुरू करणाऱ्या जावजी दादाजींनी देवनागरी खिळ्यांना जे वळण दिले, त्यावर मराठी वाचकाची नजर घडली. पण इंग्रजीचा जुळारी ज्या केसमधून भराभर खिळे उचलायचा, तिच्या कितीतरी पट मोठा पसारा मराठी जुळाऱ्याभोवती असे. प्रत्येक जोडाक्षर, प्रत्येक उकार लागलेले अक्षर अखंड ओतायचे तर खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. त्यावर मुंबईच्या कारागिरांनी 'डिग्री'ची युक्ती काढली: मधले अक्षर वेगळे, वरच्या मात्रा-अनुस्वार वेगळे, खालचे उकार वेगळे, आणि हे तीन मजले हाताने एकावर एक बसवायचे. काम किचकट होते, पण लिपीला धक्का नव्हता. टिळकांनी 'केसरी'साठी खिळ्यांची छाटणी करून संच सुमारे १९० वर आणला. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली; इ, उ, ए हे स्वर स्वतंत्र न ठेवता अ ला वेलांटी, उकार, मात्रा लावून लिहावेत असा तिचा आग्रह होता, आणि 'किर्लोस्कर' मासिकाने ती पद्धत दीर्घकाळ छापलीही. या सुधारकांची कळकळ खरी होती. मात्र त्यांच्या हिशेबाचे एकक खिळा होते, आणि खिळा हा आकार असतो.

टंकयंत्राने हा हिशेब आणखी आवळला. छापखान्यात खिळ्यांची केस वाढवता येते, टंकयंत्राच्या कळा वाढत नाहीत. १८७८ मध्ये रेमिंग्टनच्या दुसऱ्या यंत्राला शिफ्टची कळ आली तेव्हापासून ठरून गेले की सुमारे ४४ ते ४६ कळा आणि प्रत्येकीवर दोन आकार, म्हणजे नव्वदीच्या आसपास चिन्हे. त्यात सगळी देवनागरी बसवायची होती. कारागिरांनी शोधलेला मार्ग कौतुकास्पद होता. भ, थ, ध, घ, श, ण यांसारख्या अक्षरांच्या शेवटी उभी दांडी असते, म्हणून अर्धे अक्षर एका कळेवर ठेवायचे आणि कान्याची कळ दाबून ते पूर्ण करायचे. म्हणजे टंकलेखकाच्या बोटांना भ हे अक्षर नव्हतेच. अर्धा भ आणि काना होता. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे उमटते, म्हणून ती अक्षराच्या आधी. रफार डोक्यावर बसतो, म्हणून उच्चारात आधी असूनही तो नंतर. 'कर्म' लिहिताना क, मग म, मग मागे जाऊन र! जीभ एका क्रमाने चालते आणि बोटे दुसऱ्या, ही सवय टंकलेखन वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या मुरवली गेली.

यावर कुणी म्हणेल, आणि ते खोटेही नाही, की याच यंत्राने मराठीला कचेरीत नेले. १९५५ साली गोदरेज आणि बॉइस कंपनीने भारतीय बनावटीचे पहिले टंकयंत्र आणले आणि पुढे देवनागरी यंत्रेही निघाली. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाला कागदावरून टेबलावर उतरवण्यात या खडखडाटाचा वाटा मोठा होता. मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा देऊन अनेक कुटुंबांनी नोकरी मिळवली. पण उपयोग झाला म्हणजे आराखडा बरोबर होता असे ठरत नाही. याच काळात यंत्राच्या सोयीसाठी लिपीच वाकवावी हा विचार सरकारी पातळीवर पोहोचला होता. १९४७ ची नरेंद्र देव समिती आणि १९५३ ची लखनौची परिषद हे त्याचे पुरावे. त्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटीसुद्धा अक्षराच्या उजवीकडे, आखूड दांडीने लिहावी असे सुचवले. लोकांनी ती वेलांटी स्वीकारली नाही आणि काही वर्षांतच प्रस्ताव मागे पडला. लिहिणाऱ्याच्या हाताने आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याने यंत्राला दिलेला तो नकार होता. पुढे संगणक आला तेव्हा लिपीऐवजी यंत्रालाच वाकवता येईल हे ध्यानात आले.

वाकवण्याचे हे काम ऐंशीच्या दशकात झाले. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी सुरू झालेले जिस्ट तंत्र १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे वाढवले, आणि १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरवला. त्याची मांडणी पाहिली की शाळेतला वर्णमालेचा तक्ता आठवतो. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतेक उजव्या हाताकडे. क ज्या कळेवर, त्याच कळेवर शिफ्ट धरून ख. ग वर घ, त वर थ, द वर ध. अल्पप्राण आणि महाप्राण ही व्याकरणातली जोडी बोटांना सापडली. सर्वांत मोलाची ठरली ती पाय मोडायची कळ. व्यंजन लिहावे, त्याचा पाय मोडावा, पुढचे व्यंजन लिहावे. जोडाक्षर कसे दिसेल ते यंत्राने पाहावे. शेकडो खिळ्यांचा प्रश्न एका कळेत मिटला. वेलांटी उच्चाराच्या क्रमाने आली, रफारही. र च्या कळेवर शिफ्ट धरली की ऱ मिळतो, त्याचा पाय मोडून य लिहिला की आचारी आपल्या जागी आणि आचार्य आपल्या. गंमत अशी की हा टिंबवाला ऱ मुळात दाक्षिणात्य भाषांतला उच्चार दाखवण्यासाठी ठेवलेला. त्याचे अर्धे रूप मराठीच्या कामी आले. १९९१ च्या इस्की मानकात आणि त्याच कुळातून आलेल्या युनिकोडच्या देवनागरी विभागात हेच तत्त्व आहे: साठवायचा तो उच्चार, दाखवायचा तो आकार.

मग इनस्क्रिप्ट घरोघर का पोहोचला नाही? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. एक कारण असे की बाजारात त्याच काळात आकार साठवणारे फाँट पसरले. त्यांत टंकयंत्राचीच सवय चालत होती, छपाई सुबक होत होती, पण फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की रोमन चिन्हांचा कचरा दिसे, आणि शोध घेणे तर अशक्यच. दुसरे कारण साधे आहे: दुकानात मिळणाऱ्या कळफलकावर देवनागरी छापलेलीच नसे. जे दिसत नाही ते कोण शिकणार? दोष तत्त्वाचा नव्हता, प्लास्टिकवरच्या छपाईचा होता. शिवाय प्रमाण ठरवणाऱ्यांकडूनही उशीर झाला. 'ॲप' लिहायला लागणारे ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ते मराठी वर्णमालेत अधिकृतपणे बसले.

मोबाइलने आधी परिस्थिती बिघडवली, मग सुधारली. पहिल्या फोनांवर १२ कळा होत्या आणि एका अक्षरासाठी तीच कळ पुन्हा पुन्हा दाबावी लागे. त्यात एसएमएसचा हिशेब वेगळाच. एका संदेशात रोमन अक्षरे १६० मावत, देवनागरी फक्त ७०, तीही काना-मात्रा वेगळ्या मोजून. संदेशाला पैसे पडत असताना मराठी माणूस रोमनकडे वळला तो भाषेची लाज वाटून नव्हे, पैसे वाचवायला. २००७ च्या आयफोनने कळा काचेवर आणल्या. २००८ चा पहिला अँड्रॉइड फोन सरकत्या कळफलकाचा होता. २००९ मध्ये त्या प्रणालीला पडद्यावरचा कळफलक मिळाला आणि बाहेरच्या कुणालाही कळफलक बनवून जोडण्याची मुभा मिळाली. प्लास्टिकवरची छपाई आता आड येत नव्हती, कारण काचेवर हवी ती लिपी उमटते. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात घडलेल्या 'स्वरचक्र'ने या मोकळीकीचा नेमका फायदा घेतला. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडीचे चक्र उमलते आणि बोट सरकवले की काना, मात्रा, वेलांटी लागते. जी बाराखडी पाटीवर घोकली, तीच बोटाखाली आली.

आता ॲप लिहिणाऱ्यांकडे वळू. त्यांतले बरेच जण अजूनही एक कळ म्हणजे एक अक्षर असे धरून चालतात. टंकयंत्राचा भ्रम म्हणतात तो हाच. 'ज्ञानेश्वर' हा शब्द घ्या. डोळ्याला यात चार अक्षरे दिसतात, युनिकोडच्या हिशेबात १० संकेत आहेत आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठवला तर ३० बाइट. नावाच्या रकान्याला मर्यादा घालणारा यांतले काय मोजतो? आठव्या संकेतावर कापले तर शेवटी पाय मोडलेला श लोंबत राहतो. 'फक्त अक्षरे चालतील' अशी अट लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते की युनिकोडच्या वर्गवारीत वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार ही 'अक्षरे' नसून 'खुणा' आहेत. ती अट 'शिंदे' हे आडनाव नाकारते. पडद्यावरचा कळफलक प्रत्येक कळेची वर्दी ॲपला देईलच असे गृहीत धरू नये, असे अँड्रॉइडच्या दस्तऐवजातच बजावले आहे. तो जुळवलेला मजकूर एकदम हवाली करू शकतो, तर जोडलेला बाहेरचा कळफलक एकेक कळ पाठवतो. म्हणून कळा मोजणारे ॲप काचेवर फसते आणि काचेपुरतेच पाहिलेले ॲप बाहेरच्या कळफलकावर. मजकूर मागणारे ॲप दोन्हीकडे टिकते. शोधातही हेच. जुन्या मजकुरात आचाऱ्याचा अर्धा र साधा र, मोडका पाय आणि एक अदृश्य सांधा अशा पद्धतीने साठवलेला सापडतो; दिसायला सारखे, संकेत निराळे. दोन्ही एकच मानले नाहीत तर समोर असलेला आचारी शोधात सापडत नाही.

'हे सगळे आता कालबाह्य आहे,' असे म्हणणारे दोन गट आहेत. पहिला म्हणतो, लोक रोमनमध्ये लिहितात आणि यंत्र देवनागरी करून देते. खरे आहे, आणि सोयीचेही. पण 'mala' असे लिहिल्यावर मला, माला, माळा की मळा हे यंत्राला शब्दकोशावरून ओळखावे लागते. प्रचलित शब्दांत ते जमते. गावाच्या नावात, बोलीतल्या शब्दात, आडनावात चुकते. रोमनमधून येणारी मराठी यंत्राच्या अंदाजावर चालते, आणि अंदाज नेहमी बहुसंख्येच्या बाजूने लागतो. दुसरा गट म्हणतो, बोलून लिहिता येते. २०१७ मध्ये गूगलच्या आवाजी लेखनात मराठीही आली. पण बोललेला मजकूर दुरुस्त करायला पुन्हा कळफलकच लागतो, आणि रुग्णालयात, वर्गात, कचेरीत मनातले सगळे मोठ्याने बोलता येत नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा. त्याला उत्तर असे की स्वतःची कळजुळणी लिहिण्यापेक्षा प्रणालीने दिलेला मजकुराचा मार्ग वापरणे स्वस्त पडते. खर्च वाढतो तो शहाणपणा स्वतःकडे ठेवण्याच्या हट्टाने.

सरकारने २०१६ मध्ये आयएस १६३३३ या मानकाने फोनवर भारतीय भाषा वाचता-लिहिता याव्यात असे बंधन घातले. फोन तयार झाले. ॲपमधल्या रकान्यांना असे बंधन नाही, ती जबाबदारी लिहिणाऱ्याच्या विवेकावर आहे. त्याच्यासाठी परीक्षा अगदी लहान आहे. ॲप लोकांच्या हाती देण्यापूर्वी काचेवरून एकदा आणि जोडलेल्या कळफलकावरून एकदा 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' हे दोन शब्द लिहावेत, साठवावेत, शोधावेत, मागून एकेक खूण खोडून पाहावी. दोघे आपापल्या जागी राहिले तर ॲप मराठीला चालेल.