घोट्यावरचा व्रण आणि कापसाची पट्टी

बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांवचें नांव एके काळीं साऱ्या हिंदुस्थानांतील कापसाच्या व्यापाऱ्यांच्या तोंडीं असे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीस न भूतो असा भाव आला. पुढें १८७० सालीं जलंब स्टेशनापासून खामगांवापर्यंत आगगाडीचा फांटा झाला व त्याच वर्षीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हे स्वतः तेथें आले. या वैभवाचा इतिहास पुष्कळांस ठाऊक असतो. परंतु त्याच कापसाच्या चार बोटें रुंद पट्टीचाहि एक इतिहास आहे, आणि तो वैभवाचा नसून वेदनेचा व तिच्या उपशमाचा आहे.

जिनापुढें उभा राहणारा मजूर, पेढीवरचा गुमास्ता, दिवसभर चुलीपुढें उभी असलेली गृहिणी, अशा उभ्यानें राबणाऱ्यांपैकीं कांहींच्या पायांवरील शिरा उतारवयाकडे झुकतांना फुगतात व गांठाळतात. संध्याकाळीं पाय सुजतो. घोट्याच्या आंतल्या अंगास कातडी काळवंडते. आणि एके दिवशीं क्षुल्लक खरचटण्याचें निमित्त होऊन तेथें व्रण पडतो. तो भरून येत नाहीं. हळद होते, कडुनिंबाचा पाला होतो, मलमामागून मलमें बदलतात. जखम मात्र बदलत नाहीं. पाण्यानें भिजणारें फडकें व त्याची दुर्गंधी यांमुळें असा मनुष्य चारचौघांत बसावयास लाजूं लागतो. दुखणें पायाचें असतें. पण तें माणसाला माणसांतून उठवितें.

याचें कारण जखमेंत नसून जखमेच्या वरच्या बाजूस आहे. पायांतील अशुद्ध रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या ज्या नीला, त्यांत ठिकठिकाणीं लहान पडदे असतात. चालतांना पोटरीचे स्नायू नीला दाबून रक्त वर ढकलतात व पडदे तें खालीं उतरूं देत नाहींत. हे पडदे निकामी झाले म्हणजे रक्ताचा सारा भार घोट्याशीं सांचतो, तेथील कातडीचें पोषण बिघडतें, आणि वरून लाविलेलें कोणतेंहि औषध एकट्यानें पुरें पडत नाहीं.

हें शास्त्र अवगत होण्याच्या फार पूर्वीं बंधनाची कला मात्र आपल्या देशांत पुष्कळ पुढें गेली होती. सुश्रुतसंहितेंत व्रणबंधाचे चौदा प्रकार सांगितले असून हातापायांस ‘अनुवेल्लित’ म्हणजे वेढे देत जाणारा बंध योजावा असें म्हटलें आहे. पट्टीच्या वस्त्रांत क्षौम, रेशीम व लोंकर यांच्या जोडीला कापसाचीहि गणना आहे. त्याहून महत्त्वाचें म्हणजे बंधाचे गाढ, सम व शिथिल असे तीन भेद करून कोणत्या अवयवास कोणता भेद हितकर, हें तेथें ठरवून दिलें आहे. हातापायांच्या वांट्यास ‘सम’ बंध येतो. गाढ बंधसुद्धां दाबणारा असावा, दुखविणारा नसावा, अशी त्याची व्याख्या आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १९१५ सालीं यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली ही संहिता डल्हणाच्या टीकेसह प्रसिद्ध केली, तेव्हांपासून हें प्रकरण नागरी वाचकांस सहज उपलब्ध आहे. सुश्रुतास रक्ताभिसरण ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे; त्याची थोरवी निरीक्षणाची आहे, आणि ती तेवढ्यानेंच पुरेशी मोठी आहे.

कारणाचा शोध पश्चिमेकडे लागला. पायावर व्रण असतां उभें राहणें अपायकारक, हें ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या परंपरेंतील ग्रंथांतहि आहे. परंतु नीलांतील पडद्यांचें सविस्तर वर्णन इटलींतील पाडुआ येथील फॅब्रिशियस यानें १६०३ सालीं प्रसिद्ध केलें, आणि त्याचाच शिष्य विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला. रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाल्यावर दोनच वर्षांनीं, म्हणजे १६७६ सालीं, इंग्लंडच्या राजाचा शस्त्रवैद्य रिचर्ड वाइजमन यानें पायाचे व्रण व फुगलेल्या शिरा यांचा संबंध जोडून नाडीनें आवळावयाचा चामडी मोजा सुचविला. ब्रिस्टलच्या थॉमस बेंटननें १७९७ सालीं चिकट पट्ट्यांनीं पाय वेढून रोग्यास हिंडूंफिरूं देण्याची रीत वर्णिली. ज्यांचें पोट हातावर, त्यांस अंथरुणांत महिनोन् महिने पडून राहणें परवडत नाहीं. म्हणून बेंटनची ही सुधारणा गरिबांच्या फार उपयोगी होती. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅम्बुर्गच्या उन्ना यानें जस्ताच्या लेपांत भिजविलेली पट्टी प्रचारांत आणिली, ती आजहि वापरांत आहे.

विसाव्या शतकांत या कलेला मापाची जोड मिळाली. लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयांतील वैद्यांनीं चार थरांची पट्टी सिद्ध केली: प्रथम मऊ लोंकर, तीवर कापसाचें क्रेप बँडेज, मग ताणाची पट्टी, आणि शेवटीं सर्वांस धरून ठेवणारी पट्टी. घोट्याशीं सुमारें ४० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब, आणि वर गुडघ्याकडे तो कमी कमी होत गेलेला, हें तिचें मर्म. पट्टी सारख्याच ताणानें गुंडाळली तरी बारीक घोट्यावर दाब अधिक व जाड पोटरीवर कमी पडतो, हा निसर्गनियम येथें कामास येतो. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांताप्रमाणें, पूर्वींच्या पट्ट्यांनीं न भरलेल्या व्रणांपैकीं सुमारें पाऊण हिस्सा बारा आठवड्यांच्या आंत भरून आला.

तथापि जी पट्टी पाय वांचविते तीच पाय घालवूंहि शकते. शुद्ध रक्त खालीं आणणाऱ्या रोहिणीच जर अरुंद झाल्या असतील, तर वरून दिलेला दाब उरलासुरला पुरवठाहि तोडतो. म्हणून जाणते वैद्य आधीं घोट्यावरील व दंडावरील रक्तदाब मोजून ताडून पाहतात. पहिला दुसऱ्याच्या आठ-दशांशाहून कमी भरला तर पुऱ्या दाबाची पट्टी बांधीत नाहींत. मधुमेह्यांत हें मापसुद्धां फसवें ठरतें. येथें पुन्हां सुश्रुताची आठवण होते. कारण कुष्ठी, अग्निदग्ध व मधुमेही यांच्या कांहीं व्रणांस बंध घालूं नये, असा निषेध त्यानें त्याच अध्यायांत नोंदविला आहे. केव्हां बांधावें हें शिकविणाऱ्यानें केव्हां बांधूं नये हेंहि शिकविलें, यांतच त्याचें वैद्यकत्व दिसतें.

व्रण भरला म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. पडदे नादुरुस्तच असतात. म्हणून पुढेंहि दाबाचा मोजा घालणें, चालणें, बसतांना पाय उंच ठेवणें आणि योग्य त्यानें बिघडलेल्या शिरेवर उपचार करून घेणें अवश्य असतें. खामगांवच्या बाजारांत ज्या कापसाचें मोल तराजूंत होत असे, त्याची ही पट्टी दोनचार तोळ्यांहून जड नसेल. परंतु कोठें आवळावें व कोठें सैल सोडावें हें जाणणाऱ्या हातांत ती आली, म्हणजे घराच्या कोपऱ्यांत तोंड लपवून बसलेला मनुष्य पुन्हां चारचौघांत येऊन बसतो.