तिसरा हिस्सा

२०२० साली 'क्वारंटाईन' हा शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसला. त्याचं मूळ 'चाळीस' ह्या आकड्यात आहे, रोगाच्या भीतीने जहाजांना चाळीस दिवस बंदराबाहेर थांबवून ठेवत, वगैरे माहितीही तेव्हा सगळीकडे फिरत होती. पण इंग्रजी कायद्यात ह्याच शब्दाला आणखी एक जुना अर्थ आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. नवरा गेल्यावर विधवेला त्याच्या घरात चाळीस दिवस राहता येई, आणि तेवढ्या दिवसांत तिच्या वाट्याची जमीन तिला तोडून द्यावी लागे. ह्या मुदतीचं नाव क्वारंटाईन!

ही चाळीस दिवसांची मुदत १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे शाळेत आपण घोकलेल्या त्या सनदेत आहे. राजाच्या सत्तेला लगाम वगैरे उत्तर लिहून आपण मार्क मिळवले, पण सातवं आणि आठवं कलम विधवांबद्दल आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. सातवं म्हणतं की विधवेला तिचा वारसा आणि तिचा हिस्सा विनासायास, काहीही पैसे न घेता मिळावा. आठवं म्हणतं की तिची इच्छा नसेल तर तिला पुन्हा लग्न करायला भाग पाडू नये. मात्र तिची जमीन थेट राजाकडून आलेली असेल, तर राजाच्या परवानगीशिवाय लग्न करणार नाही असा जामीन तिने द्यावा.

आता असं कलम घालावं लागलं, ह्याचाच अर्थ आधी काय चालत असेल ते उघड आहे.

त्या काळच्या इंग्लंडात जमीन आपण म्हणतो तशी मालकीची नसे. आपल्याकडच्या सरंजामासारखीच, चाकरीच्या बदल्यात ती वरच्याकडून धरलेली असे, आणि सगळ्यात वर राजा. सरदार मेला आणि मुलगा अज्ञान असला की जमीन राजाच्या देखरेखीखाली जाई, मुलगाही जाई आणि त्याचं लग्न ठरवायचा हक्कही. ह्या हक्कांची चक्क विक्री होत असे. विधवेचं लग्नही त्यातच आलं. ११८५ मध्ये दुसऱ्या हेन्रीच्या अधिकाऱ्यांनी बारा परगण्यांतल्या अशा विधवांची आणि पोरक्या वारसांची नोंद केली. बाईचं वय काय, मुलं किती, जमिनीचं उत्पन्न किती, जनावरं किती, आणि आणखी मेंढ्या घातल्या तर उत्पन्न किती वाढेल! वाचताना वाटतं, बाईची आणि गोठ्याची मोजदाद एकाच माणसाने एकाच वहीत केली आहे.

विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मिळे, पण हयातीपुरता. उत्पन्न खायचं, विकायचं नाही. ती गेली की जमीन नवऱ्याच्या वारसांकडे परत. (हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत मिळालेला हक्कही हयातीपुरताच होता, आणि पूर्ण मालकी यायला १९५६ साल उजाडलं.) शिवाय तिला माहेरचा वारसा असेल तर तो वेगळा. तो मात्र खरोखर तिचा. पण तोसुद्धा नवरा जिवंत असेतो त्याच्याच ताब्यात. आणि बायको आधी गेली तर? मूल जिवंत जन्मलेलं असलं, त्याचं रडणं चार भिंतींत ऐकू आलेलं असलं, की तिची सगळी जमीन नवऱ्याला मरेपर्यंत. तिला त्याच्या जमिनीतला तिसरा भाग, त्याला तिची पूर्ण जमीन.

म्हणजे लग्नाआधी बाप, लग्नात नवरा. जमिनीचा कारभार स्वतःच्या हातात यायचा, तर तो वैधव्यात. आणि नेमकी तीच जमीन बघून राजा तिच्यासाठी पुढचा नवरा शोधायचा.

ह्याची एक गोष्ट मला सापडली ती एकाच घराण्यातल्या तीन बायकांची आहे. नात्यांचा गुंता आमच्या आत्याला लगेच सुटेल, बाकीच्यांनी जरा सावकाश वाचा.

पहिली हवीस, ओमाल घराण्याची वारस. पहिला नवरा ११८९ मध्ये गेल्यावर रिचर्ड राजाने आपल्या मर्जीतल्या विल्यम द फोर्झशी तिचं लग्न ठरवलं. ती नाही म्हणाली, तर तिची चीजवस्तू जप्त केली. शेवटी लग्न झालं. तो गेल्यावर राजाच्याच मर्जीतला तिसरा नवरा. तोही १२१२ मध्ये वारला, तेव्हा जॉन राजाला तिने ५००० मार्क द्यायचं कबूल केलं. कशासाठी? स्वतःचा वारसा आणि हिस्सा मिळावा आणि पुन्हा लग्नाची सक्ती होऊ नये म्हणून. मार्क म्हणजे दोन तृतीयांश पौंड, तेव्हा हे तीन हजारांहून जास्त पौंड झाले. (वॉरिकच्या विधवा काउंटेसने १२०५ मध्ये अशाच कारणासाठी १००० पौंड आणि दहा घोडे देऊ केले होते.) हवीस १२१४ मध्ये गेली. मॅग्ना कार्टा यायला एक वर्ष होतं.

दुसरी मार्गारेट. डेव्हन घराण्याची सून, १२१६ मध्ये विधवा झाली. मॅग्ना कार्टाला जेमतेम वर्ष झालं होतं. पण जॉनला आपल्या भाडोत्री फौजेच्या सरदाराला, फाल्क्स द ब्रोतेला, बक्षीस द्यायचं होतं. ते बक्षीस म्हणजे मार्गारेट आणि तिची जमीन. आठवं कलम कागदावर राहिलं. १२२४ मध्ये फाल्क्सने बंड केलं, हरला, देशाबाहेर गेला. तेव्हा मार्गारेट राजा आणि आर्चबिशपपुढे उभी राहिली आणि म्हणाली, ह्या लग्नाला माझी संमती कधीच नव्हती. आठ वर्षं हे मनात ठेवून ती त्या घरात राहिली असेल.

तिसरी इझाबेला. मार्गारेटची सख्खी नात आणि लग्नाने हवीसची नातसून. म्हणजे जिने पैसे मोजले ती आजेसासू आणि जिच्यावर सक्ती झाली ती आजी! १२६० मध्ये ती विधवा झाली तेव्हा पुरती तेवीसचीही नव्हती. पतीच्या उत्तरेकडच्या जमिनीत तिसरा हिस्सा होताच, दोन वर्षांनी भाऊ निपुत्रिक वारला आणि डेव्हनची जहागीर, आइल ऑफ वाइट बेट आणि त्यावरचा कॅरिसब्रुकचा किल्ला तिच्याकडे आला. इंग्लंडातल्या सर्वांत श्रीमंत बायकांपैकी एक, आणि बिनलग्नाची.

मग काय, रांग लागली. धाकटा सायमन द मॉन्टफर्ट तिच्या मागावर होता. ती आधी ब्रीमोरच्या मठात आणि मग वेल्सपर्यंत पळाली. १२६८ मध्ये राजाने तिच्या लग्नाचा हक्क आपला धाकटा मुलगा एडमंड ह्याला देऊन टाकला. ती बधली नाही. पण १२६९ मध्ये त्याच एडमंडशी तिच्या दहा वर्षांच्या मुलीचं, ॲव्हलीनचं लग्न झालं. ॲव्हलीन पंधराव्या वर्षी गेली. इझाबेलाची सहाही मुलं तिच्या आधी गेली.

ती ३३ वर्षं एकटीने कारभार बघत राहिली. कोर्टकचेऱ्या पुष्कळ केल्या आणि काही लोकांना ती नकोशीही झाली. एक्स नदीवर तिने बांध घातला आणि एक्सेटर शहराच्या जहाजांची वाट अडली, म्हणून गावाचा तिच्यावर राग होता. तिथल्या वस्तीला आजही 'काउंटेस विअर', म्हणजे काउंटेसचा बांध, असं म्हणतात. मला हे वाचून बरं वाटलं. तिला उगीच साध्वी करायला नको.

नोव्हेंबर १२९३ मध्ये कँटरबरीहून परतताना लंडनजवळ स्टॉकवेलला ती आजारी पडली. आइल ऑफ वाइट फ्रान्ससमोरचं बेट, आणि एडवर्ड राजाला ते केव्हापासून हवं होतं. त्याची माणसं तिच्या उशाशी पोचली. विक्रीची सनद लिहिली, तिला वाचून दाखवली, मोहोर लागली. किंमत ६००० मार्क. त्याच रात्री उजाडायच्या आत ती गेली. तिचा दूरचा वारस ह्यू कोर्टनी पुढे तक्रार करत राहिला, पण बेट राजाकडेच राहिलं. पुढच्याच वर्षी फ्रान्सशी युद्ध सुरू झालं.

ती विक्री तिने शुद्धीत आणि मनापासून केली का? मी ह्यावर बराच विचार केला. मुलं नव्हती, वारस लांबचा. कदाचित तिला बेट राजाला द्यायचंही असेल. पण तेहतीस वर्षं ज्या बाईने तीन राजपुरुषांना हाताला लागू दिलं नाही, तिची सही मिळायला तिची शेवटची रात्र गाठावी लागली, हे मनातून जात नाही.

त्या तिसऱ्या हिश्शाचा हक्क इंग्लंडात १९२५ च्या कायद्याने संपवला. आणि लंडनच्या भुयारी रेल्वेत व्हिक्टोरिया लाइनवर लागोपाठ दोन स्टेशनं लागतात, व्हॉक्सहॉल आणि स्टॉकवेल. व्हॉक्सहॉल हे 'फाल्क्सचा वाडा' ह्याचंच रूप. मार्गारेटमुळे त्याच्या ताब्यात आलेल्या जमिनीवर त्याचं नाव राहिलं आहे. जमीन पुढे मार्गारेटच्या नातीकडे आली होती. आमचं कुणी लंडनला जाणार असेल, तर ह्या दोन स्टेशनांमधल्या दोन मिनिटांत ह्या आजी-नातीची आठवण काढा.